दुधाच्या तीन बाटल्या आणि कणकेचे दिवे

वाचक भगिनीचे पत्र, थोडे संक्षिप्त करून :

‘आमची मुलगी साडेतीन वर्षांची आहे. आम्ही पुण्याजवळ वाकडला अकराव्या मजल्यावर राहतो. दोघेही नोकरी करतो आणि ती दिवसभर पाळणाघरात असते. माझे बालपण कराडजवळच्या एका गावात गेले. आईच्या घरी चैत्रापासून फाल्गुनापर्यंत कोणत्या महिन्यात काय करायचे ते ठरलेले असे. माझ्या मुलीला मात्र बिस्किटे, नूडल्स आणि वरणभात यांच्यापलीकडे काही नको असते. रात्री दोन घास खाऊन ती तोंड फिरवते. उपाशी झोपू नये म्हणून मग मी दूध देते, आणि दिवसाकाठी दुधाच्या तीन बाटल्या होतात. यंदा संक्रांतीच्या आदल्या रात्री अकरा वाजता तिळाच्या वड्या करायला घेतल्या, त्या दगडासारख्या झाल्या. राहून गेलेले बोरन्हाण सोसायटीच्या हॉलमध्ये थाटाने केले, तर ती घाबरून रडत सुटली. वड्या अजून डब्यात आहेत. खाववत नाहीत आणि टाकवतही नाहीत. नवरा मदत करतो, पण त्याचे म्हणणे असे, की सगळे विकत मिळते, मग जिवाला त्रास कशाला? माझ्या मुलीला ऋतू, सण, घरचे खाणे यांतले काहीच कळणार नाही का? सुरुवात कुठून करू?’

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात ते ऋतूंविषयी आणि सणांविषयी आहे असे वाटले. दुसऱ्या वाचनात मात्र माझे लक्ष त्या तीन बाटल्यांवर अडकले, आणि उत्तराची सुरुवात तिथूनच करणे मला भाग आहे. तुम्ही ते वाक्य जाता जाता लिहिले असले, तरी तुमच्या निम्म्या काळजीचे मूळ मला त्यातच दिसते.

एक बाटली साधारण अडीचशे मिलिलिटरची धरली, तर तुमची मुलगी दिवसाला पाऊण लिटर दूध पिते. साडेतीन वर्षांच्या मुलाला दिवसाला चारशे ते पाचशे मिलिलिटर दूध पुरेसे होते, आणि दही-ताकही त्याच हिशेबात धरायचे असते. दूध चांगले अन्न आहे, पण ते पोट भरते आणि त्यात लोह जवळजवळ नसते. शिवाय दुधातले कॅल्शियम इतर अन्नातले लोह शोषले जाण्याच्या आड येते. परिणामी भूक मरते, भूक मेली की मूल जेवत नाही, जेवले नाही म्हणून आपण पुन्हा दूध देतो, आणि हे चक्र अगदी प्रेमाने चालू राहते. रात्रीची बाटली दातांसाठीही वाईट असते, कारण दूध तोंडात तसेच राहून मूल झोपी जाते.

बाटल्या एका दिवसात बंद करू नका. प्रथम रात्रीची बाटली कपात आणा आणि ती जेवणाच्या नंतर न देता जेवणाबरोबर द्या. कपात दूध कमीच प्यायले जाते, हा त्याचा फायदा आहे. मग आठ-दहा दिवसांनी दुपारचे दूध कमी करा, आणि त्यासाठी पाळणाघराच्या ताईंशी स्पष्ट बोलून घ्या, कारण चार वाजता तिथे बिस्किटे आणि दूध मिळत असेल, तर रात्री साडेआठला घरी कोणीही काहीही शिजवले तरी त्याचा उपयोग होणार नाही. पहिले चार-पाच दिवस ती कुरकुर करील, कदाचित एखाद्या रात्री अर्धपोटी झोपेलही. निरोगी मूल एका रात्रीच्या अर्ध्या पोटाने खंगत नाही; सकाळी ते भुकेने उठते, आणि त्या सकाळच्या भुकेची तर आपण वाट पाहत असतो.

आणखी एक गोष्ट आयांना सहसा कोणी सांगत नाही. बाळाचे वजन पहिल्या वर्षात जन्मवजनाच्या सुमारे तिप्पट होते, आणि त्यानंतर मात्र वर्षाला साधारण दोन किलोच वाढते. वाढीचा वेग इतका मंदावल्यावर भूकही मंदावणारच, आणि म्हणून दीड-दोन वर्षांच्या मुलाची आई ‘पूर्वी किती छान खात होती’ असे म्हणू लागते. दोन ते सहा या वयात नव्या पदार्थाविषयी संशय वाटणे हेही वाढीचाच भाग आहे. एखादी भाजी मुलाने आपली म्हणायला ती ताटात दहा-पंधरा वेळा यावी लागते, आणि तेही चमचाभर, ताटाच्या कडेला, तिच्याविषयी एक शब्दही न बोलता. आपण तिसऱ्या वेळीच ‘हिला दोडका आवडत नाही’ असा निकाल देऊन मोकळे होतो.

बालआहाराच्या क्षेत्रात एक साधी विभागणी बऱ्याच वर्षांपासून सांगितली जाते, आणि ती मला पटलेली आहे : काय शिजवायचे, कधी वाढायचे आणि कुठे बसून जेवायचे हे मोठ्यांनी ठरवावे, वाढलेल्यातले किती खायचे आणि खायचे की नाही, हे मुलाने ठरवावे. हे वाचायला सोपे असले, तरी पाळायला कठीण आहे, कारण ‘एक घास काऊचा, एक घास चिऊचा’ करीत करीत आपण मुलाचे काम आपल्याकडे घेतो आणि मग मुलाने काय खायचे ते त्याच्यावर सोपवतो. मात्र तिचे वजन गेल्या सहा महिन्यांत वाढलेच नसेल, ती फिकट दिसत असेल, किंवा घट्ट घास आला की दर वेळी तिला ओकारी येत असेल, तर हा सल्ला बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांकडे जावे आणि रक्तातले हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

पत्रात तुम्ही वरणभाताला बिस्किटांच्या आणि नूडल्सच्या पंगतीत बसवले आहे, ते वाचून मला खरोखर वाईट वाटले. मऊ भात, तुरीचे साधे वरण, वर तूप आणि लिंबाची फोड हे संपूर्ण जेवण आहे. लिंबामुळे डाळीतले लोह अधिक शोषले जाते, म्हणजे ती फोड केवळ चवीपुरतीही नसते. तुमची मुलगी वरणभात खाते, तर तुमच्या हातात भक्कम पाया आहे. त्याच्याच शेजारच्या पदार्थांपासून पुढे सरकावे : एक दिवस मेतकूट-भात, एक दिवस मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, एक दिवस ताक घालून केलेली तांदळाची उकड, आणि मग कधीतरी वरणात बारीक चिरलेला पालक. नाचणीची पेज तिला आवडली, तर दुधाविषयीची तुमची उरलीसुरली काळजीही मिटेल, कारण शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. बिस्किटांच्या जागी पोळीचा लाडू द्या. उरलेल्या पोळ्या तिला तिच्या हाताने कुस्करू द्या, त्यात किसलेला गूळ आणि पातळ तूप घाला आणि लाडू तिलाच वळू द्या. तो वेडावाकडा होईल, फुटेल, आणि बहुधा ताटात पोहोचण्यापूर्वीच संपेल.

आता ऋतूंकडे येते. तुम्ही पोटाचा प्रश्न आणि आठवणींचा प्रश्न एकाच वहीत मांडला आहे, त्यामुळे दोन्हींचा हिशेब चुकतो आहे. तिळाची वडी मुलीने खाल्ली नाही, म्हणजे तिला संक्रांत मिळाली नाही, असे तुम्ही धरून चालला आहात. मुलांच्या मनात सण असा घासाघासाने मोजून जात नाही. मी माझा अनुभव सांगते. माझा मुलगा लहान असताना मी हट्टाने घरी अनारसे करीत असे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, सावलीत वाळवून कुटायचे, गुळात मळून ठेवायचे, आणि एवढे करूनही तुपात सोडल्यावर त्यातला एखादा विरघळून जायचा. तो मुलगा आता चाळिशीला आला आहे, आणि त्याला ते अनारसे अजिबात आठवत नाहीत. त्याला आठवते ते असे, की थंडीत मी मटार सोलायला बसले, की तो शेंगांच्या सालींच्या होड्या करून बादलीत सोडीत असे आणि मी त्याला रागावत नसे. मी रागावत नव्हते, याचे कारण एवढेच होते, की दोन किलो मटार सोलायचे असताना त्याच्याकडे पाहायला मला सवड नव्हती.

म्हणून माझा सल्ला असा आहे, की वर्षभराचे सगळे पदार्थ करण्याचा संकल्प सोडून द्यावा आणि प्रत्येक ऋतूतले एकच काम निवडावे, ज्यात तिच्या हाताला खरोखर काही करायला मिळेल. ते खाल्ले जाते की नाही, हे पाहू नये. आणि पुढच्या वर्षी त्याच सुमारास तेच काम पुन्हा करावे. मुलांना पुनरावृत्ती आवडते, आणि ‘मागच्या वर्षी आपण केले होते ना?’ हा प्रश्न चार वर्षांच्या मुलीने विचारला, की तिला ऋतू कळला असे खुशाल समजावे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे जे काम उभे केले, त्यात महागडी साधने आणण्याऐवजी खडे, बिया, पाने, शिंपले अशा परिसरातल्याच वस्तू मुलांच्या हाती दिल्या. निवडणे, ओतणे, सोलणे, मळणे या कामांत त्या वयाची मुले किती रमतात, हे त्यांनी पाहिले होते. तुमच्या स्वयंपाकघरात ही सगळी साधने आहेतच. साडेतीन वर्षांची मुलगी कोथिंबीर निवडू शकते, मटार सोलू शकते, उकडलेला बटाटा कुस्करू शकते, कणकेचा गोळा थापू शकते आणि पिकलेले केळे बोथट सुरीने कापून शिकरण करू शकते. ती हे सगळे हळू करील आणि सांडून ठेवील, म्हणून कामाच्या दिवशी हे करू नये. शनिवारी सकाळचा अर्धा तास पुरे होतो.

अकराव्या मजल्यावर ऋतू येत नाही, असे तुम्हाला वाटते. पण तो येतो, फक्त अंगणातून येण्याऐवजी फडताळातून येतो. डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली थिजते आणि ती उन्हात ठेवावी लागते. त्याच दिवसांत रात्री लावलेले विरजण सकाळी दुधासारखेच असते, म्हणून भांडे कापडात गुंडाळून उबेला ठेवावे लागते; एप्रिलमध्ये तेच दही दुपारपर्यंत आंबट होऊन जाते. मुगाला उन्हाळ्यात एका रात्रीत मोड येतात, थंडीत त्यालाच दीड-दोन दिवस लागतात. मूग तिच्या हाताने भिजत घाला, फडक्यात तिलाच बांधू द्या आणि ‘उघडून पाहू या का?’ असे रोज सकाळी विचारा. तीच पुरचुंडी जानेवारीत एकदा आणि मे महिन्यात एकदा बांधली, की थंडी आणि उन्हाळा म्हणजे काय, हे वेगळे शिकवायला नको. उसळ तिने खाल्ली नाही तर तुम्ही दोघे खा.

वर्षातला एकच दिवस निवडा असे कोणी मला म्हटले, तर मी आषाढी अमावस्या निवडीन, आणि ती दिवाळीपेक्षाही आधी निवडीन. तिला आपल्याकडे दिव्यांची अवस म्हणतात. या दिवशी घरातले सगळे दिवे, समया, निरांजने घासूनपुसून पाटावर मांडतात, त्यांची पूजा करतात आणि कणकेच्या किंवा बाजरीच्या गोड दिव्यांचा नैवेद्य दाखवतात. अलीकडे या अमावस्येला एका वेगळ्याच नावाने थट्टेवारी नेली जाते आणि दिवे बिचारे मागे पडले आहेत, हे मला जरा खटकते. असो. लहान मुलाच्या हाताला साजेसा यापेक्षा चांगला सण मला माहीत नाही, कारण यातले प्रत्येक काम त्याला जमते. चिंच लावलेल्या पितळी निरांजनाचा काळपटपणा बोटाखाली नाहीसा होऊन सोन्यासारखी चकाकी वर येते, ही त्या वयाच्या मुलाला जादूच वाटते. तुमच्याकडे पितळेचे एकच निरांजन असले तरी चालेल.

दिव्यांची कृती सोपी आहे. पाऊण वाटी चिरलेला गूळ अर्धी वाटी कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा. दोन वाट्या कणकेत दोन चमचे तूप, चिमूटभर मीठ आणि थोडी वेलदोड्याची पूड घालून त्या गुळाच्या पाण्याने पुरीला भिजवतो तशी घट्ट कणीक भिजवावी. पाणी एकदम सगळे ओतू नये. दहा-पंधरा मिनिटे झाकून ठेवून लिंबाएवढे गोळे करावेत, आणि इथून पुढे मुलीला बोलवावे. तिने तुपाचा हात लावून गोळ्याच्या मध्यभागी अंगठा दाबायचा, कडेला चिमटा काढून वातीची चोच करायची, की दिवा झाला. चाळणीला तूप लावून मोदकपात्रात किंवा शिटी काढून ठेवलेल्या कुकरमध्ये ते दिवे बारा ते पंधरा मिनिटे उकडावेत. कच्चे असताना फिकट आणि मऊ दिसणारे दिवे उकडल्यावर गडद आणि चकचकीत होतात. एका दिव्यात तूप-वात घालून तो लावावा आणि घरातला वरचा दिवा पाच मिनिटे बंद करावा. बाहेर आषाढाचा पाऊस असतो, आभाळ भरून आलेले असते, अमावस्येची रात्र असते, आणि खायची वस्तू उजेड देते आहे हे मूल डोळे मोठे करून पाहत असते. बाकीचे दिवे गरम असतानाच त्यांच्या खळग्यात पातळ तूप घालून खावेत. यात पाक नाही, तळण नाही, फसण्यासारखे काही नाही; पाणी जास्त झाले तर दिव्याचा आकार बसतो, चव बिघडत नाही. ज्या दिव्यात तिच्या अंगठ्याचा ठसा आहे, तो तिने खाण्याची शक्यताही इतर कोणत्याही पदार्थापेक्षा मला जास्त वाटते, पण आपण खाण्याकडे पाहायचे नाही, असे ठरले आहे.

आषाढाला अजून अवकाश आहे आणि चैत्र दाराशी आला आहे, म्हणून आत्ताचे काम सांगते. बाजारात कैऱ्या दिसू लागल्या, की दोन मोठ्या कैऱ्या सालासकट कुकरमध्ये उकडाव्यात, गार होऊ द्याव्यात आणि एका पसरट भांड्यात घालून तिला गर पिळू द्यावा. हात बुडवून काही पिळायची परवानगी मुलांना घरात फार क्वचित मिळते. गराच्या दीडपट-दुप्पट गूळ, वेलदोडा आणि चिमूटभर मीठ घालून तो बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवावा आणि रोज संध्याकाळी पाळणाघरातून आल्यावर दोन चमचे गर पाण्यात कालवून पन्हे द्यावे; ते तिने स्वतः ढवळावे. तीच बरणी पाच-सहा दिवस पुरते. आंब्याची डाळही करा, पण ती तुमच्यासाठी. भिजवलेली कच्ची हरभरा डाळ लहान मुलाच्या पोटाला जड जाते, म्हणून तिला चाखण्यापुरती पुरे.

पुढे मे महिन्यात आंबे येतील, तेव्हा एक कोय टाकून न देता धुऊन घ्या आणि तिच्या हाताने कुंडीत लावा. पावसाळ्याच्या सुरुवातीला तांबूस, लवलवती पाने वर येतील. ते झाड गॅलरीत मोठे होणार नाही आणि कलमी आंब्याच्या कोयीला तसेच फळ येईल असेही नाही, पण त्या वयात झाड मोठे होण्यापेक्षा मातीतून वर आले, यालाच महत्त्व असते. करवंदांची पाटी घेऊन एखादी बाई रस्त्याकडेला बसलेली दिसली, तर वाटाभर करवंदे घ्या आणि ‘कोंबडा की कोंबडी’ खेळा : करवंद फोडायचे, आतून लाल निघाले तर कोंबडा, पांढुरके निघाले तर कोंबडी. कराडच्या भागात तुम्ही हे नक्की खेळला असाल. जांभळे आणली, तर आरशासमोर उभे राहून जीभ पाहण्याचा कार्यक्रम करावा, मात्र बी काढून गरच द्यावा.

आश्विनातल्या भोंडल्याची एक युक्ती तर रोजच्या वापराची आहे. पाटावर हत्ती काढून फेर धरायला सोसायटीत मुली जमतील न जमतील, पण खिरापत ओळखण्याचा खेळ तुम्ही दोघी रोज खेळू शकता. झाकलेला डबा हलवायचा, आवाज ऐकायचा, वास घ्यायचा आणि मग विचारायचे : गोड की तिखट? कोरडे की ओले? तळलेले की भाजलेले? जो पदार्थ ‘खा’ म्हटल्यावर तोंड फिरवून नाकारला जातो, तोच ओळखून दाखवल्यावर जिंकल्यासारखा तोंडात जातो. पाळणाघरातून घरी येताना गाडीत हा डबा बरोबर ठेवा, आणि एवीतेवी हिंजवडीच्या रस्त्यावर अडकून पडायचेच असते, तर तो वेळही सत्कारणी लागेल.

दिवाळीचा फराळ खुशाल विकत आणा. चकलीच्या सोऱ्याभोवती आणि उकळत्या तेलाभोवती साडेतीन वर्षांचे मूल नसलेलेच बरे, आणि नोकरीहून परतून रात्री चिवडा परतण्यात मला कोणताही पुरुषार्थ दिसत नाही. तुमच्या यजमानांचे ‘सगळे विकत मिळते’ हे म्हणणे इथे बरोबर आहे, आणि ते त्यांना सांगून त्यांना थोडे खूश करायला हरकत नाही. परंतु ‘नवरा मदत करतो’ या शब्दाला माझा आक्षेप आहे. मुलगी दोघांची आहे. शनिवारचा तो अर्धा तास एका आठवड्याला तुमचा आणि एका आठवड्याला त्यांचा असावा, आणि त्यांच्या आठवड्यात तुम्ही स्वयंपाकघरात डोकावू नये. त्यांनी तिच्याबरोबर भेळ कालवली, मक्याचे कणीस गॅसवर भाजले किंवा नुसते शेंगदाणे भाजून तिला फुंकर मारून साले उडवायला शिकवली, तरी ते चैत्र-वैशाखाच्या तोडीचेच आहे. त्यांच्या घरी लहानपणी काय होत असे, हेही त्यांना विचारा. ‘सगळे विकत मिळते’ असे म्हणणाऱ्या पुरुषांकडे बहुतेक वेळा आजीच्या हातच्या एखाद्या पदार्थाची आठवण कुलूप लावून ठेवलेली असते.

बोरन्हाणाविषयी वाईट वाटून घेऊ नका. पन्नास माणसे, प्रखर दिवे, अंगावर काळे झबले, टोचणारे हलव्याचे दागिने आणि डोक्यावर अचानक ओतल्या जाणाऱ्या वस्तू, असे तुमच्यामाझ्या बाबतीत झाले असते, तर आपणही रडलो असतो. पुढच्या वर्षी ते करायचे असेल, तर घरातच चादर अंथरून, तिच्या दोन-तीन मित्रमैत्रिणींना बोलावून करा, आणि चुरमुरे आधी तिला तुमच्या डोक्यावर ओतू द्या. एक सावधगिरी मात्र कळकळीने सांगते. चार-पाच वर्षांखालील मुलांच्या घशात अख्खे शेंगदाणे, फुटाणे, हरभरे, हलव्याचे टणक दाणे, बोरांच्या बिया आणि अख्खी द्राक्षे अडकू शकतात, आणि खाली सांडलेले वेचून तोंडात घालणे हाच तर बोरन्हाणातला मुलांचा आनंद असतो. म्हणून ओतण्यात चुरमुरे, छोटी मऊ बिस्किटे आणि बी काढलेल्या बोरांच्या फोडी असाव्यात, आणि मुले खात असताना एका मोठ्या माणसाने केवळ त्यांच्याकडेच पाहत बसावे, फोटो काढू नयेत. मघाशी सांगितलेले भाजलेले शेंगदाणेही तिला सोलायला द्या, पण खायला देताना कूट करूनच द्या. सोललेले मटार बोटाने चेपून द्या.

आईचा विषय राहिला. पत्रात तुम्ही तिच्या महिन्यांविषयी लिहिले आहे, पण तिला फोन करून काही विचारल्याचे कुठे म्हटलेले नाही. तिच्या हाताखाली त्या घरात किती माणसे होती, धुणेभांडी कोण करीत असे आणि तिला नोकरीची वेळ गाठायची होती का, हे एकदा आठवून पाहा, म्हणजे तिच्याशी चाललेली तुमची तुलना आपोआप थांबेल. तिला प्रमाण विचारू नका, कारण त्या पिढीकडे प्रमाण नसते, अंदाज असतो. ‘कुठे थांबायचे ते कसे ओळखायचे?’ असे विचारा. मुलगी फोनवर असताना विचारलेत तर अधिक चांगले. नातीने आजीला ‘दिवे कसे करतात?’ असे विचारले, की पुढचे तुम्हाला काही करावे लागणार नाही.

शेवटी तुमच्या दगडी वड्या. तुमचे काय चुकले, ते मी इथे बसून सांगू शकते : गुळाचा पाक मिनिटभर जास्त झाला, किंवा दुकानदाराने चिक्कीचा गूळ दिला. मऊ वडीसाठी साधा गूळ घ्यावा, तुपात तो विरघळून त्याला सगळीकडून बुडबुडे आले, की वाटीतल्या गार पाण्यात एक थेंब टाकून पाहावा. त्याची मऊ गोळी जमली, की लगेच गॅस बंद करून भाजलेल्या तिळाचे आणि शेंगदाण्याचे कूट घालावे. तीच गोळी वाटीवर आपटून टणक वाजू लागली, तर चिक्की झाली असे समजावे. रात्री अकरा वाजता, दिवसभर काम करून, तो एक मिनिट हातचा निसटणारच.

त्या वड्या टाकू नका. तीळ-गूळ एवढे दिवस सहज टिकतो. फक्त एक तुकडा चाखून तिळाला खवट वास आलेला नाही ना, ते पाहून घ्या. जाड सुती फडक्यात थोड्या थोड्या वड्या बांधून पुरचुंडी पाटावर ठेवा आणि मुलीच्या हातात लाटणे द्या. भुगा झाला, की तो शेंगदाण्याच्या कोरड्या कुटाबरोबर मिक्सरमधून थांबून थांबून एक-दोनदा फिरवा; सलग फिरवला तर तीळ तेल सोडतात आणि गोळा होतो. हे कूट बरणीत भरून ठेवा. गरम भाकरीवर किंवा पोळीवर तूप पसरून वरून चमचाभर भुरभुरायचे आणि गुंडाळी करून द्यायची, म्हणजे पाळणाघराच्या डब्याचाही प्रश्न महिनाभरासाठी सुटेल. कुटण्याचा आवाज मात्र बराच होईल, तेव्हा दहाव्या मजल्यावरच्या मंडळींना आधी सांगून ठेवा, आणि जमल्यास त्यांनाही वाटीभर कूट पाठवा.